मार्चमधली रिकामी मात्रा

आमच्या घरात सूर सगळ्यांच्या वाट्याला आले, माझी पाळी आली तेव्हा नेमके संपले. लहानपणी आरतीच्या वेळी आई मला टाळ द्यायची नाही. निरांजनाची वात सांभाळायला बसवायची. वातीवर फुंकर जाऊ नये म्हणून तोंड मिटून बसावं लागे, आणि तोच त्यातला खरा हेतू होता हे मला लग्नानंतर कळलं. त्यामुळे माझ्या थोरल्या भावाचा बँडवरचा मार्च कागदावर उतरवायचं काम माझ्याकडे आलं यावर नातेवाइकांचा अजून विश्वास बसत नाही. माझाही बसत नाही.

दादानं जन्मभर शाळेत बँड शिकवला. निवृत्त झाला तरी शाळेनं त्याला सोडलं नाही, किंवा त्यानं शाळेला सोडलं नाही म्हणा. दरवर्षी क्रीडादिनाला मुलांच्या संचलनासाठी एक नवा मार्च तो रचून द्यायचा. गेल्या हिवाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढायला लागला. बोलताना शब्द घशाशी येऊन अडकायचा आणि तो अडकला की दादाचा चेहरा लाल व्हायचा. आणखी एक गोष्ट आम्हाला जरा उशिरा कळली. त्याला उजवीकडचं दिसत नव्हतं. डोळे ठीक होते, पण मेंदू तिकडची बाजू हिशेबातच धरत नव्हता. ताटातलं डावीकडचं तेवढं खाऊन तो "झालं" म्हणायचा. वहिनी ताट गर्रकन फिरवायची आणि दादा उरलेलं जेवण नव्यानं वाढल्यासारखं जेवायचा.

"तुमच्या भावाची चैन आहे हो ताई," वहिनी म्हणायची. "एका ताटात दोन पंगती."

गाणं मात्र शाबूत होतं. 'पाणी दे' म्हणायला ज्याला घाम फुटायचा तो अख्खी चाल एका दमात गाऊन दाखवायचा. डॉक्टर म्हणाले, असं होतं पुष्कळांचं. आम्हाला ते ऐकून बरं वाटलं, पण दादाला नाही वाटलं. चाल डोक्यात असून उपयोग काय? बँडला कागद लागतो. क्लॅरिनेटचा वेगळा, ट्रम्पेटचा वेगळा, ड्रमचा वेगळा. आणि हे सगळं पाच रेघांवर लिहिणारा उजवा हात मांडीवर पडून होता.

शाळेत आता दादाचाच एक जुना विद्यार्थी बँड शिकवतो. तो भेटायला आला. "सर, यंदा जुनाच मार्च वाजवू. तुम्ही बरे व्हा आधी," म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. तो गेल्यावर दादानं बराच वेळ झगडून वहिनीला एकच गोष्ट सांगितली. यंदाचा मार्च झाला तर ठीक. नाही झाला तर क्लॅरिनेट शाळेला देऊन टाकायची.

क्लॅरिनेट देऊन टाकायची म्हणजे काय, हे सांगायला त्याला शब्द लागले नाहीत. वहिनी उठून आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून भांडी घासत बसली. भांडी सकाळीच घासून झाली होती.

तोडगा काढला माझ्या भाचीनं, म्हणजे दादाच्या मुलीनं. ती बंगळूरला असते, कॉम्प्युटरमध्येच काम करते.

"आत्या, लिहायला हात कशाला हवा? बाबा गातील. एआय ऐकेल. स्वरलिपीच्या सॉफ्टवेअरला त्याला जोडून देते मी. तोच सगळं लिहील आणि प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद काढून देईल."

"मग मी काय करू?"

"तू बटण दाबायचं."

"एवढंच?"

"आत्या, तू एवढंच कर. प्लीज."

या प्लीजमध्ये बरंच काही होतं, पण मी मोठ्या मनानं दुर्लक्ष केलं.

सॉफ्टवेअर आणि एआय यांची सोयरीक जुळवायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात आमच्याकडे एखादं लग्न ठरलं असतं. भाची व्हिडिओ कॉलवर, लॅपटॉप माझ्या मांडीवर. मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत स्टोअरला असते. फसवणुकीच्या मेलवर आम्हाला तिथं इतकी भाषणं ऐकवलेली आहेत की पडद्यावर काहीही विचारलं तरी माझं बोट आपोआप 'नाकारा'वर जातं.

"आत्या, नाकारू नकोस!"

"अगं, तुमच्या फायली बदलायची परवानगी द्या म्हणतोय तो. अशीच खाती रिकामी होतात लोकांची."

"तोच आपला एआय आहे. त्याला फाइल बदलायला परवानगी नको? मग तो लिहिणार कुठं, भिंतीवर?"

दादा पलंगावरून हे सगळं ऐकत होता. तो हसला. झटक्यानंतर मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं, म्हणून मुद्दाम आणखी एकदा 'नाकारा' दाबलं.

कामाची पद्धत अशी ठरली. मी कंपनीच्या बसमधून उतरून थेट दादाकडे जायचं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. चहा घ्यायचा, बटण दाबायचं. दादा एकेक ओळ गायचा आणि गाताना डाव्या तळव्यानं टेबलावर ठेका धरायचा. तो बँडमास्तरचा हात. वारा सुटो, कुणाची पिपाणी फाटो, मास्तरचा हात थांबत नाही. हात थांबला की मागची रांग पुढच्या रांगेवर आदळते, असं तो मुलांना शिकवत आला होता. गळा आणि ठेका दोन्ही मिळून रेकॉर्ड व्हायचं, एआय त्यातून सूर आणि मात्रा काढून सॉफ्टवेअरमध्ये मांडायचा. पडद्यावरच्या रेघांवर काळे ठिपके आपोआप चढताना बघून वहिनी म्हणाली, "मुंग्या लागल्यासारखं दिसतंय हो."

पहिल्याच दिवशी मी घोळ केला. दादाचं गाऊन झाल्यावर एआयला सांगितलं, "जरा नीटनेटकं करून दे." पाहुण्यांसमोर ठेवायचं तर नीटनेटकं नको का? एआयनं नीटनेटकं केलं आणि लगेच वाजवून दाखवलं. मला ते छान वाटलं. कस्टमर केअरला फोन लावला की वाट बघताना जसं वाजतं, तसं अगदी गुळगुळीत. दादानं मात्र डाव्या हातानं लॅपटॉपचं झाकण धाडकन मिटलं. माझी बोटं आत होती.

एआयनं काही लपवलं नव्हतं, हे त्याच्याविषयी सांगायलाच हवं. खाली लिहिलंच होतं, 'दोन ठिकाणी सूर निसटल्यासारखे वाटले, म्हणून सरळ केले आहेत.' ते दोन सूर म्हणजे दादाच्या चालीचा जीव होता. तिसऱ्या ओळीत एक निषाद तो मुद्दाम कोमल घ्यायचा. संचलनात छाती काढून चालणाऱ्या मुलाला मध्येच घराची आठवण यावी, तसा तो सूर होता. आता दादाला वाटलं की त्याच्या आजारी गळ्याची चूक समजून कुणीतरी ती सुधारली. त्या संध्याकाळी तो पुन्हा गायला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. वहिनीनं कपाटावरची क्लॅरिनेटची पेटी पुसली. ती रोजच पुसायची, पण त्या दिवशी खाली काढून पुसली आणि खालीच ठेवली.

मी घरी जाऊन एआयला हुकूमनामा लिहिला. 'दादा जसा गातो तसंच्या तसं लिहायचं. एक मात्रासुद्धा इकडची तिकडे करायची नाही. तुला चूक वाटली तरी चूक तशीच ठेवायची.' आमच्या स्टोअरमध्ये नव्या माणसाला मी असंच सांगते, वस्तू जशी आली तशी नोंदवायची, अक्कल चालवायची नाही. एआयनं बिचाऱ्यानं 'समजलं' म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कोमल निषाद जिथल्या तिथं पाहून दादा उठून बसला. पुढे काम भराभर सरकलं. ओळीमागून ओळ होत गेली. वाजवून दाखवायला मात्र दादा देईना. त्या पहिल्या गुळगुळीत आवाजाची त्यानं धास्ती घेतली होती. "न... नको. डबा," म्हणायचा. कागदावरच बघीन, अशी खूण करायचा.

शेवटच्या भागात एका ठिकाणी तो अडकला. गाताना तो कधी अडकायचा नाही, पण त्या दिवशी खाली रस्त्यावर कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न ठणाणा वाजला आणि ओळीच्या शेवटी दादाचा गळा क्षणभर बंद पडला. लगेच सुरूही झाला. हात चालूच होता. मला काही वेगळं झालंय हेही कळलं नाही. मी त्या वेळी त्याचा तळवा बघत होते आणि मनात म्हणत होते, वा, आता याचा डावा हातसुद्धा उजव्यासारखा चालतो.

एआयनं विचारलं होतं. 'या ओळीच्या शेवटी ठेका चालू आहे पण सूर नाही. इथे सगळ्या वाद्यांना एक रिकामी मात्रा ठेवू का? ठेवली तर पुढचा ठेका एका मात्रेनं सरकेल.' मी ऐटीत लिहिलं, 'दादा गातो तसंच. अक्कल चालवायची नाही, हे आधीच सांगितलंय.'

कागद छापून आणले. दादानं एकेक पान नाकाजवळ धरून तपासलं आणि मान हलवली. ती रिकामी मात्रा छापली गेली होती ओळीच्या शेवटी, पानाच्या उजव्या कडेला. ताट रोज फिरवणारी वहिनी स्वयंपाकघरात होती. पान फिरवायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

कागद शाळेत गेले. मुलांनी बँडच्या खोलीत बसून सराव केला. नंतर कळलं, तिथं ती मोकळी जागा सगळ्यांनाच खटकली होती. पण नव्या मास्तरांनी मुलांना बजावलं, "सरांनी लिहिलंय म्हणजे मुद्दाम लिहिलंय. जास्त शहाणपणा नको." आपल्याकडे मोठ्या माणसाची चूक अशी हातोहात जपली जाते.

क्रीडादिनाच्या आदल्या दिवशी मैदानावर बँड आणि संचलन एकत्र करून बघायचं होतं. दादाला न्यायचं ठरलं. माझा नवरा गाडी घेऊन आला. दादाला जिन्यावरून उतरवताना मी पाहिलं, तर वहिनीच्या हातात क्लॅरिनेटची पेटी.

"ही कशाला?"

"त्यांनी सांगितलंय," वहिनी खालच्या आवाजात म्हणाली. "जमलं नाही तर तिथल्या तिथंच द्यायची. परत वर आणायची नाही."

पेटी डिकीत गेली. खड्ड्यात गाडी आपटली की मागून पेटीचा खुळखुळ आवाज यायचा आणि नवरा आपोआप गाडी हळू घ्यायचा.

मैदानाच्या कडेला दादासाठी प्लास्टिकची खुर्ची टाकली होती. मी शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. कशासाठी, मला माहीत नव्हतं. हातात काहीतरी असलं की धीर येतो. पी.टी.च्या सरांनी शिट्टी मारली. ड्रम सुरू झाला, मार्च सुरू झाला आणि मुलांच्या रांगा निघाल्या. मला सुरातलं काही कळत नाही, पण पाय कळतात. पाय एकदम पडत होते. तिसऱ्या ओळीत कोमल निषाद आला तेव्हा दादानं डोळे मिटून घेतले. वहिनीनं माझा दंड घट्ट धरला.

शेवटचा भाग सुरू झाला. एका ओळीच्या टोकाला सगळा बँड एकदम गप्प झाला. ड्रमसुद्धा. एक पाऊल नुसतं धप्पकन मातीवर पडलं. मग बँड पुन्हा सुरू झाला आणि सगळा गोंधळ उडाला. मोठ्या ड्रमचा ठोका डाव्या पायावर पडायचा, तो आता उजव्यावर पडायला लागला. काही मुलांनी पाय बदलला, काहींनी नाही. एक रांग उड्या मारत होती, दुसरी तिला धडकत होती. पी.टी.चे सर "लेफ्ट! अरे लेफ्ट! तुझा लेफ्ट कुठाय?" ओरडत धावले. मुलं हसायला लागली. मुलंच ती, त्यांना काय माहीत.

मी दादाकडे बघितलं नाही. बघायची छातीच झाली नाही. मला ती गाडी आठवली, तो हॉर्न आठवला आणि माझं 'अक्कल चालवायची नाही' हेही आठवलं. पडद्यावर ती रिकामी मात्रा दिसत होती. एवढी बारीक खूण.

नवे मास्तर धावत आले, घामाघूम. "सर, काही नाही, छपाईची चूक दिसतेय. ती एक मात्रा काढून टाकतो, पाच मिनिटांचं काम."

मीही लगेच टाइप करायला घेतलं, 'ती रिकामी मात्रा काढून टा...'

दादाचा डावा हात लॅपटॉपच्या झाकणावर पडला. या वेळी मी बोटं वेळेवर काढली.

"न..." दादा म्हणाला. "न..." पुढं शब्द येईना. चेहरा लाल झाला. मग त्यानं हात वर केला आणि दोन बोटं दाखवली.

"दोन वाजताची गोळी?" वहिनी घाबरून म्हणाली. "ती दिली की मी!"

दादानं जोरात मान हलवली. पुन्हा दोन बोटं.

"पाणी देऊ? बाथरूमला जायचंय का सर?" मास्तरांनी विचारलं. दादानं त्यांच्याकडे असं बघितलं की तो भला माणूस पुन्हा सातवीत गेला आणि हात मागे बांधून उभा राहिला.

मग दादानं गायला सुरुवात केली. तीच ओळ. तळवा खुर्चीच्या हातावर पडत होता. ओळीच्या टोकाला तो गप्प झाला, जिथं त्या दिवशी अडकला होता तिथंच. पण या वेळी त्याचा गळा बंद पडला नव्हता, त्यानं स्वतः तोंड मिटलं होतं. तळवा एकदा पडला. मग मास्तरांच्या डोळ्यांत बघत दादानं तो आणखी एकदा पाडला. त्यानंतरच पुढची ओळ उचलली.

मास्तर पुटपुटले, "डावा... उजवा..." आणि एकदम उजळले. "सर! एका मात्रेनं पाय बदलतात. दोन ठेवल्या तर डावा परत डाव्यावर येतो!"

मी आधीच लॅपटॉप उघडला होता. 'त्या रिकाम्या मात्रेच्या शेजारी अजून एक रिकामी मात्रा घाल.' एआयनं विचारलं, 'सगळ्या वाद्यांना? ड्रमलासुद्धा?' प्रश्न रास्त होता. या वेळी मी ऐट केली नाही. पडदा दादासमोर धरला. आधी उजवीकडे धरला होता, मग आठवण झाली आणि डावीकडे सरकवला. दादानं वाचलं. पायाखालच्या मातीकडे बोट केलं, मग कानाकडे.

"ड्रमसुद्धा," मी लिहिलं.

क्षणात सगळ्यांचे नवे कागद पडद्यावर तयार झाले. मी अभिमानानं मान वर केली, तर मुलांनी पेन्सिलीनं आपापल्या कागदावर ती खूण कधीच करून टाकली होती आणि बँड वाजवायला उभा होता.

पुन्हा शिट्टी झाली, पुन्हा रांगा निघाल्या. शेवटचा भाग आला, ओळीचं टोक आलं आणि बँड थांबला. सगळ्या मैदानावर फक्त बूट. डावा. उजवा. मुलांना स्वतःच्याच पायांचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला असावा, कारण कुणी हसलं नाही. मग क्लॅरिनेटनं ओळ उचलली आणि डाव्यावर ठोका पडला. पी.टी.च्या सरांनी शिट्टी तोंडातून काढली आणि परत घालायचं विसरून गेले.

दादाच्या तोंडावर काही दिसलं नाही. तो मास्तर होता, चुका शोधत होता. दोन ट्रम्पेटवाल्यांना त्यानं बोटानं जवळ बोलावलं आणि त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्यांना कळलं.

निघताना नवे मास्तर दादाला धरून गाडीपर्यंत आले. नवऱ्यानं दादाची घडीची काठी ठेवायला डिकी उघडली, तशी ती पेटी दिसली. मास्तरांनी ती ओळखली. त्यांच्या विद्यार्थिदशेतली अर्धी बोलणी त्याच क्लॅरिनेटवरून खाल्लेली होती.

"सर, ही... शाळेसाठी आणलीत?"

वहिनी माझ्याकडे बघेना. मी तिच्याकडे बघेना.

"ती," दादा म्हणाला आणि अडकला. गाडीच्या टपावर त्याचा तळवा पडला. मग आणखी एकदा पडला. "घरी."

मास्तरांनी डिकी हळूच लावली. वहिनीनं पदरानं नाक पुसलं आणि तिला एकदम कंठ फुटला.

"घरी म्हणायला काय जातंय? तीन मजले ती वर नेणार कोण? मीच ना?"

"मी नेते," मी म्हटलं.

"तुम्ही नका नेऊ हो ताई," वहिनी म्हणाली, "तुम्ही नीटनेटकी करून ठेवाल."